मे महिना काढेल अशी खाऱ्या पाण्याची टाकी

*काका, गेली काही वर्षं आमच्याकडे दोन फुटांची गोड्या पाण्याची टाकी आहे. गप्पी, मोली, दोन एंजल, सगळं सुरळीत चाललंय. आता तिसरीतल्या मुलाला सिनेमातले खाऱ्या पाण्यातले मासे, 'निमो' आणि 'डोरी', हवेत. कुर्ल्याच्या बाजारात एका दुकानदाराशी बोलले. तो म्हणाला, हीच टाकी चालेल, पाणी अलिबागहून कॅनमध्ये भरून आणा, आत पोवळ्याचा दगड ठेवा (मालवणच्या सहलीत उचललेला एक तुकडा आमच्याकडे आहे), आठवडाभर दोन डॅमसेल मासे सोडा आणि मग निमो, डोरी आणि ॲनिमोन (निमो ज्यात लपतो तो फुलासारखा सागरी प्राणी) घेऊन जा. मिस्टरांना विजेच्या बिलाची काळजी वाटते. कोणते मासे घेऊ, कोणती उपकरणं खरंच लागतात आणि कशावर पैसे वाया जातात, एवढं सांगा.*
*— एक वाचक, डोंबिवली पूर्व*

ताई,

दुकानदाराची यादी मी जवळपास सगळी खोडणार आहे. तुमची दोन फुटांची टाकी तेवढी कामाला येईल, पण त्याने सांगितलेल्या कामाला नाही. ते पुढे येईलच.

त्याच्या यादीत नाही आणि तुमच्या पत्रातही नाही अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे उन्हाळा. परदेशी व्हिडिओंमध्ये उपकरणांत पहिलं नाव हीटरचं असतं, कारण ती मंडळी थंडीत राहतात. डोंबिवलीत प्रश्न उलटा आहे. तुमच्या मुलाला हवे असलेले मासे २५ ते २७ अंशांच्या पाण्यात सुखाने राहतात. मे महिन्यात तुमच्या हॉलमध्ये पंखा चालू असतानाही पारा ३३-३४ च्या आसपास असणार, आणि पंप-दिव्यांची उष्णता टाकीत वेगळी. गप्पी-मोली हे सोसतात. सागरी मासे काही दिवस सोसतात आणि मग एकेक करून जातात. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. शिवाय खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा मुळातच सुमारे एक पंचमांशाने कमी विरघळतो. म्हणजे माशाला श्वास जास्त लागतो त्याच वेळी मिळतो कमी. 'सगळं छान होतं, अचानक गेले' अशी पत्रं मला एप्रिल-मेमध्ये येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांकडे थर्मामीटर नसतो.

पुण्यात, नाशिकला, नागपूरला हवा कोरडी असते. तिथे टाकीच्या तोंडावर छोटा पंखा लावला की पाण्याची वाफ होऊन तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. आपल्याकडे घामच वाळत नाही, तिथे टाकीचं पाणी किती उडणार? पंखा मदत करेल, पण मे महिना एकट्याच्या जोरावर काढणार नाही. त्यामुळे एक तर टाकी ज्या खोलीत आहे तिथे एसी दिवसभर चालतो असं तुमचं घर हवं, नाही तर चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार ठेवणारं यंत्र, हवा. चिलरची किंमत ऐकून मिस्टर उठून उभे राहतील. टाकी, स्टँड आणि सगळे मासे मिळून जेवढे पैसे होतात त्याहून बहुधा ती जास्तच निघते. पण तीच रक्कम आधी बाजूला काढता येत नसेल, तर खाऱ्या पाण्याचा बेत एक वर्ष पुढे ढकला. हे मी टाळाटाळ म्हणून सांगत नाही. एक तोडगा मात्र आहे: टाकी जूनमध्ये सुरू करा. पाणी मुरायला, म्हणजे माशांना राहण्याजोगं व्हायला, पावसाळा मिळतो, गणपती-नवरात्रानंतर मासे येतात, आणि चिलर फेब्रुवारीअखेर घेतला तरी चालतो. मधल्या काळात पाणी २९ अंशांच्या वर चढायला लागलं, ऑक्टोबरमध्ये चढूही शकतं, तर खरेदी तेव्हाच करा. चिलर स्टँडच्या बंद कपाटात कोंबू नका. तो पाण्यातली उष्णता काढून बाहेर फेकतो. कपाट बंद असेल तर तीच हवा परत ओढत बसतो आणि बिल वाढवतो.

विजेचं म्हणाल तर बिलापेक्षा वीज जाण्याची काळजी जास्त करा. शुक्रवारी दुरुस्तीसाठी चार-पाच तास वीज गेली की पंप थांबतो, पाणी हलत नाही आणि प्राणवायू संपत येतो. घरात इन्व्हर्टर असेल तर लाटा करणारा छोटा पंप, म्हणजे वेव्हमेकर, त्यावर जोडून ठेवा. तो फार वीज घेत नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आणून ठेवा. यादीतली ही सगळ्यांत स्वस्त वस्तू आणि सगळ्यांत आधी घ्यायची. मिठाचं पाणी आणि प्लग एकत्र आले की काय होतं हे सांगायला नको: प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब ओघळून सॉकेटमध्ये जाणार नाही. घरात ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला नसेल तर इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा.

आता टाकी. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे जेमतेम ५६ लिटर. छोट्या टाकीत चूक पचत नाही. एक मासा दगडामागे मेला, दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही, तर पाण्यातला अमोनिया बाकीच्यांनाही घेऊन जातो. उन्हाळ्यात ५६ लिटर पाणी दुपारी तापतं आणि रात्री उतरतं, तो चढउतारही वाईट. नवशिक्याने लहानापासून सुरुवात करावी हा सल्ला गोड्या पाण्यात ठीक आहे, इथे तो उलटा पडतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी करून घ्या: १० मिलिमीटरची काच, सुमारे १९० लिटर पाणी. दगड, वाळू, काच, स्टँड धरून वजन तीनशे किलोच्या घरात जातं. म्हणून ती गॅलरीत किंवा खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत तुळईच्या बाजूला हवी. इमारत जुनी असेल तर कुणा जाणकाराला विचारून घ्या.

अलिबागचं पाणी नको. आपल्या किनाऱ्यावरचं पाणी खाड्यांच्या तोंडाशी गढूळ असतं, त्यात शहरांचं सांडपाणी येतं, पावसाळ्यात क्षारता घसरते. कॅनमध्ये भरलं की त्यातले बारीक जीव मरून कुजतात. आणि २० लिटरचे नऊ-दहा कॅन एकदा आणाल, पण दर आठवड्याला बदलायचं पाणी कुठून आणणार?

पाणी घरीच बनवा. त्यासाठी शुद्ध पाणी आणि मत्स्यालयाचं तयार मीठ लागतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, खडेमीठही नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार ठरलेल्या प्रमाणात असतात. शुद्ध पाण्याची गंमत अशी की तुमच्या घरचा आरओ बहुधा पुरेसा शुद्ध नसतो. चव यावी म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच मशीनमध्ये थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायची सोय असते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, मोजून बघा. ५०-१०० आकडा दिसला तर मशीनवाल्याला सांगून टाकीसाठी वेगळी तोटी काढा आणि तिच्यावर उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनची नळी बसवून घ्या. आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. हे पाणी टाकीसाठीच, घरात पिऊ नका.

लिटरला साधारण ३५ ते ३७ ग्रॅम मीठ, बादलीत किंवा ड्रममध्ये, छोटा पंप सोडून रात्रभर ढवळत ठेवायचं. मासे आत असताना मीठ थेट टाकीत कधीच टाकायचं नाही. घनता १.०२५ हवी. ती मोजायला प्लास्टिकचा हायड्रोमीटर देतील. तो दोनदा वापरला की दोन आकडे दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि सोबत त्याला जुळवायचं द्रावणही. या छंदात नवीन माणूस जिथे हटकून फसतो ती जागा पुढची आहे: पाणी उडतं तेव्हा मीठ उडत नाही. त्यामुळे रोज कमी झालेलं पाणी भरताना खारं नाही, साधं शुद्ध पाणी भरायचं. पंखा लावलेल्या तीन फुटी टाकीत रोज दोन-तीन लिटर सहज जातं. काचेवर मार्करने एक रेघ ओढा आणि मुलाला सांगा, रोज शाळेतून आल्यावर पाणी रेघेपर्यंत आणायचं. दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलायचं म्हणजे महिन्याला तीन किलोच्या आसपास मीठ. मिस्टरांच्या वहीत हा खर्च विजेच्या शेजारी लिहून ठेवा.

मालवणच्या तुकड्याविषयी. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि २००१ पासून सगळी खडक बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघाचंही नाव त्याच परिशिष्टात आहे. पोवळं जिवंत असो की मेलेलं, उचलता, विकता किंवा बाळगता येत नाही. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्यांनाही हाच कायदा संरक्षण देतो. तो तुकडा वन विभागाच्या कार्यालयात देऊन टाका, आणि कुणी 'लोकल लाइव्ह रॉक' म्हणून इथल्या समुद्रातून उचललेला दगड स्वस्तात देऊ केला तर पुढे व्हा. तुम्हाला हवाय तो माणसाने बनवलेला सच्छिद्र दगड, सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा, १५-२० किलो. तो दिसायला सुरुवातीला बांधकामाच्या राडारोड्यासारखा असतो. काही महिन्यांत त्यावर थर चढला की ओळखू येत नाही.

त्या दगडाची छिद्रं हाच तुमचा खरा फिल्टर. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशाला मारतात, तिसरं पाणी बदलून आटोक्यात राहतं. हे जिवाणू दगडात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार म्हणतो ते डॅमसेल याच काळात विष प्यायला सोडायचे. ते बिचारे चिवट, बहुतेकदा जगतात, आणि मग वर्षानुवर्षं टाकीचे मालक होऊन बसतात. नंतर आणलेल्या प्रत्येक माशाला हाकलतात, आणि पकडायला गेलं तर सगळे दगड उपसावे लागतात. त्याऐवजी बाजारातून आणलेल्या कोळंबीचा एक तुकडा जाळीत बांधून टाकीत सोडा. तो कुजेल, अमोनिया होईल, काम तेच. वास थोडा येईल, पण डोंबिवलीत सुकटीच्या वासाने कुणी घर सोडून गेल्याचं ऐकिवात नाही. बाटलीतले तयार जिवाणूही घाला, वेळ थोडा वाचतो. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासायचे थेंबांचे किट लागतील, पट्ट्यांचे नकोत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. मधे काचेवर तपकिरी शेवाळाचा थर येईल, घाबरू नका, औषध टाकू नका.

इथे तुमच्या घरातलीच एक सोय सांगतो. काळी मोली खाऱ्या पाण्यात राहू शकते. तिला एका बादलीत तिच्याच पाण्यात ठेवून वरून बारीक नळीने टाकीचं खारं पाणी थेंबथेंब दिवसभर सोडायचं, संध्याकाळी ती समुद्रात. टाकी मुरल्यावर पहिले रहिवासी म्हणून दोन-तीन निरोगी मोली सोडा. शेवाळ खातील, मुलाला हलणारं काही दिसेल, आणि तुम्हाला क्षारता, भरणी, पाणीबदल यांचा महिनाभर सराव होईल. दुकानदार हे सांगत नाही कारण यात त्याची विक्री नाही.

बाकी उपकरणं भराभर. वेव्हमेकर हवाच, एक किंवा दोन, मिळून तासाला दोन ते चार हजार लिटर पाणी हलवणारे. प्रोटीन स्किमर म्हणजे डाळ उकळताना वर येणारा फेस जसा पळीने काढतो तसं टाकीतली घाण कुजायच्या आत फेसाबरोबर काढणारं यंत्र. तीन फुटी टाकीला तो घ्या, पण डब्यावर लिहिलेल्या क्षमतेवर विश्वास ठेवू नका. तुमच्या टाकीच्या दुपटीचा घ्या. मागे टांगायचा साधा फिल्टर पुरतो, त्यातला कापूस तीन-चार दिवसांनी धुवायचा. कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर नको. तो महिनोन्महिने कुणी उघडत नाही. १०० वॉटचा हीटर ठेवायला हरकत नाही, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तापमान घसरू नये म्हणून. दिव्यावर मात्र एक रुपयाही जास्त घालू नका. निळ्याजांभळ्या महागड्या लाइट पोवळ्यांसाठी असतात. माशांना साधी एलईडी पट्टी सहा-सात तास भरपूर. यूव्ही, ओझोन, तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या यांतलं पहिल्या वर्षी काही लागत नाही.

आता चिरंजीवांचे मासे. निमो म्हणजे ऑसेलारिस क्लाऊन, आणि नवशिक्यासाठी याहून चांगला सागरी मासा नाही. पण तो टाकीत जन्मलेलाच घ्या. क्लाऊनची पैदास आता माणसाच्या हाती आली आहे. मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात ती कित्येक वर्षं होते, आणि तुमच्यापासून फार लांब नाही त्या ऐरोलीलाही मँग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी आहे. टाकीत जन्मलेला क्लाऊन पहिल्या दिवसापासून गोळी-खाद्य खातो, माणसाला घाबरत नाही. समुद्रातून पकडलेला आठवडाभर उपाशी राहतो आणि त्वचेचा रोग सोबत आणतो. शिवाय इंडोनेशिया-फिलिपिन्सकडे काही ठिकाणी मासे सायनाइड मारून गुंगवून पकडतात. असा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि तुमच्या घरी येऊन काही आठवड्यांत जातो. दोन घ्या, एक मोठा एक छोटा, दोन्ही लहान वयाचे. सगळे क्लाऊन जन्मतः नर असतात. जोडीतला वरचढ असतो तो मादी होतो. तिसरा आणलात तर त्याचं काही खरं नाही.

त्यांना ॲनिमोन लागत नाही. ते फुलदाणीत, पंपाच्या मागे, काचेच्या कोपऱ्यातही संसार थाटतात. ॲनिमोनला मात्र तीव्र उजेड आणि निदान वर्षभर मुरलेलं पाणी लागतं. शिवाय तो चालतो, आणि चालत चालत वेव्हमेकरमध्ये गेला की एका रात्रीत सगळी टाकी विषारी होते. दुकानात पांढराशुभ्र किंवा भडक पिवळा ॲनिमोन सुंदर दिसतो. पांढरा म्हणजे मरू घातलेला, भडक पिवळा बहुधा रंगवलेला.

डोरीला सरळ नाही म्हणा. दुकानात ती दोन इंचांची असते, वाढून फूटभर होते आणि दिवसभर पोहत असते. तिला सहा फुटांची टाकीही कमीच. आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घरात यायचा असेल तर आधी तिच्या अंगावर येतो. मुलाला निळाच मासा हवा असेल तर त्याचा हट्ट पुरवायला यलोटेल डॅमसेल चालेल. डॅमसेलांत तोच जरा शहाणा, तोही एकच, आणि सगळ्यांत शेवटी.

क्लाऊनच्या सोबतीला मला विचाराल तर बांगाई कार्डिनलची जोडी. काळे-पांढरे पट्टे, संथ, आणि नर पिल्लं तोंडात सांभाळतो. त्या दिवसांत तो काही खात नाही. हाही टाकीत पैदास झालेला मिळतो का विचारा. एक फायरफिश, लाजाळू आहे, दचकला की उडी मारतो, म्हणून टाकीवर बारीक जाळीचं झाकण हवं. आणि एक पिवळा वॉचमन गोबी, त्याच्यासोबत पिस्तूल कोळंबी. कोळंबीला नीट दिसत नाही, ती बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो, आणि तिची मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. मुलगा डोरीला विसरेल, याची हमी मी देतो. एवढ्याने टाकी भरली. मँडरीन, लायनफिश, बटरफ्लाय आणि बॅटफिश कितीही आवडले तरी नकोत. मँडरीन तर फक्त जिवंत सूक्ष्म जीव खातो. नव्या टाकीत तो उपाशी मरतो आणि मरेपर्यंत देखणा दिसतो.

एका वेळी एक किंवा एक जोडी, आणि मधे महिनाभर. तो महिना मासा कुठे राहणार? तुमच्या जुन्या दोन फुटी टाकीत, त्यातले गोड्या पाण्याचे मासे आधी दुसरीकडे हलवून. स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे लपायला, तळाशी वाळू नाही. नवीन प्रत्येक मासा चार आठवडे तिथे. पांढरे ठिपके किंवा धूळ बसल्यासारखी मखमल दिसली तर औषध तिथेच द्या. यावरचं तांब्याचं औषध मुख्य टाकीत टाकलं तर कोळंबी आणि गोगलगायी मरतात, ते दगडातही मुरतं. आणि रोग एकदा मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ती दोन-अडीच महिने रिकामी चालवावी लागते. त्यापेक्षा चार आठवड्यांची वाट स्वस्त.

दुकानात गेलात की तीन गोष्टी करा. मासा आज आलाय की आठवड्यापूर्वी, ते विचारा. आज आलेला घेऊ नका. तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. खात नसेल तर घेऊ नका. आणि पाण्याची घनता किती ठेवली आहे ते विचारा. बरेच दुकानदार रोग दबावा म्हणून आणि मीठ वाचावं म्हणून ती १.०२० च्या खाली ठेवतात. तिथून थेट १.०२५ मध्ये टाकलेला मासा टिकत नाही. वेगळ्या टाकीचं पाणी आधी त्याच घनतेचं करून ठेवा आणि मग आठवड्याभरात हळूहळू वाढवा. घरी आल्यावर मासा जाळीने उचलून त्याच वेगळ्या टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत.